भरायचं मी, मारायचं तू

फोन वाजला तेव्हा मी तासगावच्या आमच्या कॉलेजात, बारावीच्या प्रयोगशाळेत उभी होते. मुलं लंबकाची आंदोलनं मोजत होती आणि मी त्यांच्या चुका मोजत होते, जे माझं आवडतं काम आहे. पडद्यावर 'अण्णा घर' असं नाव आलं. अण्णा म्हणजे निवृत्त सुभेदार बिरूअण्णा, ज्यांनी मला रायफल धरायला शिकवलं. ते बोलायचे ते स्वतःच्या मोबाईलवरून. घरच्या नंबरवरून कधी फोन आला नव्हता. पलीकडे काकू होत्या, अण्णांच्या पत्नी. "बाई, अण्णा गेलं..." त्या म्हणाल्या, "सकाळी च्या पिला, बाजंवर बसलं, आन् तसंच ऱ्हायलं." यावर माझ्या तोंडून काय निघावं? मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले होते का?" माणूस गेल्याचं कळल्यावर पहिला प्रश्न हा विचारणारी बाई कशी असेल ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. काकू रागावल्या नाहीत. "काल इचारत हुतं," त्या म्हणाल्या, "बाईंचा अर्ज गेला का म्हनून."

अर्ज गेला नव्हता. तो माझ्या पर्समध्येच होता. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी स्वतःची रायफल बाहेरून मागवायची तर स्पर्धेतल्या गुणांवर परवानगी मिळते, आणि त्या अर्जात 'बोर' नावाचा एक रकाना असतो. म्हणजे नळी किती जाडीच्या गोळीची, ते लिहायचं. नाव, पत्ता, वय, गुण, सगळं मी कधीच भरून ठेवलं होतं. हा एक रकाना दोन वर्षं रिकामा होता. एकदा लिहिलं की त्या रायफलीशी जन्माची गाठ. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारखीला पुन्हा ही संधी मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि याच रकान्यावरून, ते जाण्याआधी तीन आठवडे, मी त्यांच्या अंगणातून फणकाऱ्याने निघून आले होते.

अण्णा मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. फौजेत गेले, तिथे नेमबाजीच्या पथकात वीस वर्षं काढली, आणि परत येऊन विट्याच्या पुढे, आटपाडीच्या रस्त्याला घर बांधून राहिले. मी वाळवा तालुक्यातल्या उसाच्या घरातली. आमच्याकडे दोन चुलते फौजेत, बंदुकीचं कौतुक भरपूर, पण ते पुरुषांच्या बैठकीत. कॉलेजात कॅडेट असताना मी छोटी रायफल चालवली होती, तेवढीच. पुढे वीस वर्षांनी कराडजवळच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत एक क्लब तीनशे मीटरची रेंज चालवतो असं कळलं आणि मी जाऊन धडकले. तिथे सगळे पुरुष. चिटणीसांनी मला अदबीने खुर्ची दिली, म्हणजे बसा आणि बघा. बाभळीखाली एक उंच, काळेसावळे गृहस्थ काळ्या घोंगड्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, वारा कुनीकडनं हाय?" मी फोन काढून हवामान बघायला लागले. ते हसले नाहीत. घोंगड्याच्या कडेची चिमूटभर लोकर त्यांनी उपटली, हात वर केला आणि सोडून दिली. "आता बगा," म्हणाले.

ते बघणं मी वर्षभर केलं. रायफलीला हात लावू दिला नाही. दर रविवारी मी तासगावहून गाडी काढायची, विट्याच्या फाट्यावर अण्णांना घ्यायचं आणि कराडपर्यंत त्यांनी मला वाऱ्याचे प्रश्न घालायचे. उसाला तुरे आले की तुऱ्यांवरून. उन्हाळ्यात रस्त्याने मेंढरं चालली असली की त्यांच्या धुळीवरून. कधी ते मुद्दाम तासगावला यायचे आणि मला बेदाण्याच्या शेडसमोर उभं करायचे, कारण शेडच्या हिरव्या जाळ्या वारा सगळ्यांत आधी सांगतात. मी आपली पदार्थविज्ञानाची बाई. कोन, वेग, साइन, कोसाइन असं पुटपुटत उत्तर द्यायची. त्यावर त्यांचं एकच म्हणणं, "बाई, तुमचं गनित बराबर हाय. पर तुमचं गनित हुस्तवर वारा बदालला की वो." एक दिवस मी न मोजता पटकन उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं. त्या दिवसापासून मी त्यांची 'पोरी' झाले आणि 'तुमी'चं 'तू' झालं. पुढच्या रविवारी मी घोंगड्यावर पालथी झाले, अर्थात चपला काढून. घोंगड्यावर पायताण चढवलेलं त्यांना खपायचं नाही. चिटणीससाहेबांनाही त्यांनी एकदा चारचौघांत बूट काढायला लावले होते.

रायफल क्लबची, जुनी, तीनशे आठ बोरची. फौजी माणसं जिला सात-बासष्ट म्हणतात तिची चुलत बहीणच. ती खांद्याला असा दणका देते की संध्याकाळी डोक्यावरून साडीचा पदर घेतानाही हात आखडतो. मला ते आवडायचं, किंवा आवडतं असं मी सगळ्यांना सांगायची. कारण रेंजवर पहिल्याच दिवशी एकाने, चांगल्या मनाने, म्हटलं होतं, "मॅडम, तुम्हाला साडेसहा बोरची घ्या. बायकांना झेपते." साडेसहाची गोळी बारीक आणि लांबट, धक्का कमी, वाऱ्यात कमी वाहते. तीनशे मीटरवर दोघींत दोन बोटांचा फरक, सहाशेवर वीतभराचा. पण तीनशे आठची काडतुसं सहज मिळतात, नळी जास्त वर्षं टिकते. हे सगळं मी तक्त्यात मांडलं होतं, आलेख काढले होते. खरं सांगायचं तर आलेख नसते तरी मी तीनशे आठच म्हटलं असतं. बायकांना झेपते ती रायफल मला नको होती. अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, "एवढ्यात ठरवू नगं." सहा महिन्यांनी विचारलं तरी तेच. दीड वर्षाने, दोन वर्षांनी, तेच. रायफल निवडायला एवढा वेळ लोक लग्नाची स्थळं बघायलाही लावत नाहीत, असं मी एकदा चिडून म्हटलं. ते खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले.

अण्णांचा एक नियम होता. काडतूस रायफलीत घालायचं ते त्यांनी, माझ्या हाताने नाही. "भरायचं मी, मारायचं तू." मी पालथी, डोळा दुर्बिणीला; ते डाव्या अंगाला बसून एकेक काडतूस आत सारणार, बोल्टची दांडी सारून नळी मागून बंद करणार, माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवणार. मग मी चाप ओढायचा. फौजेतली शिस्त असेल म्हणून मी कधी का ते विचारलं नाही. माझे नेम ठीक होते. मात्र दहातले तीन-चार खाली डावीकडे जायचे आणि त्याचं खापर मी त्या म्हाताऱ्या नळीवर फोडायची. म्हणून तर मला नवी रायफल हवी होती.

मग अण्णा विसरायला लागले... म्हणजे मला तसं वाटलं. चाप ओढला की धडाड व्हायच्या ऐवजी नुसतं 'टक्'. "थांब. नळी समोरच," ते म्हणायचे, बार उशिरा उडाला तर म्हणून पूर्ण वेळ थांबवायचे, मग बोल्ट उघडून पुंगळी बाहेर काढायचे. वापरलेली, दारू नसलेली पुंगळी, पुढे गोळी बसवलेली. त्यांनी भलतंच काडतूस भरलं होतं. पहिल्यांदा मी हसून सोडून दिलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा... पुढे दर रविवारी दोन-तीनदा व्हायला लागलं. प्रत्येक वेळी ते पुंगळी खिशात टाकायचे, घोंगड्यावरून सरकून बाजूच्या खडीत उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "चुकलं बग माजं, पोरी." गुडघे दुखत असतील म्हणून जागा बदलतात, असं मला वाटायचं. आणखी एक माझ्या लक्षात आलं होतं. मी गोळी झाडताना ते लक्ष्याकडे बघतच नसत. त्यांच्यासमोर मोठी दुर्बीण उभी असायची आणि ते नळीच्या टोकाकडे बघत बसायचे. म्हणजे नजरही गेली, मी मनात नोंद केली. नोंदी करण्यात मी हुशार आहेच.

शेवटी मी चिटणीसांना गाठलं. तक्रार म्हणून नव्हे, काळजी म्हणून. तक्रारीला आपण काळजी म्हणतो तेव्हा ती जास्त लागते. म्हटलं, "अण्णांना आताशा विसर पडतो. रिकामी पुंगळी भरतात. उद्या उलटं झालं, रिकामी समजून भरलेली कुणाच्या हातात दिली तर?" वाक्य बिनतोड होतं. रेंजवर अशा वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पुढच्या रविवारी चिटणीसांनी अण्णांना बाभळीखालच्या टेबलावर बसवलं, गुणांची वही हातात दिली आणि गोळीबाराच्या रेषेवर यायची दगदग आता तुम्ही करू नका असं सांगितलं. वीस वर्षं नेमबाजी केलेल्या माणसाला. मी तिथेच उभी होते. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमच्या भल्यासाठीच आहे, अण्णा." ते म्हणाले, "व्हय, व्हय. वय झालं की आता." आणि वही उघडून पेनाचं टोपण काढलं. त्या दिवशी मी माझी काडतुसं माझ्या हाताने भरली. परतीच्या वाटेवर त्यांनी वाऱ्याचा एकही प्रश्न विचारला नाही.

पण विट्याचा फाटा आल्यावर, उतरता उतरता, जे दोन वर्षं सांगत नव्हते ते त्यांनी सांगून टाकलं. "पोरी, साडेसहा घे." मला हे झोंबलं. रेषेवरून उठवलं म्हणून राग काढतायत, असंच वाटलं. आठवड्याभराने मी अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेले, भांडायलाच. ते बाजेवर बसले होते. मी तक्ता उघडला, आलेख दाखवले, काडतुसांची अडचण सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं. "वाऱ्याला ती बरी हाय," एवढंच म्हणाले. "दोन बोटांसाठी?" मी म्हटलं. "दोन बोटांचा वारा मला वाचता येतो, तुम्हीच शिकवलाय." मला संताप आला. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हालाही वाटतं ना, बाईला झेपणार नाही? सरळ म्हणा की." त्यांनी मान हलवली; हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाले, "तू साडेसहा घे, म्या सांगतोय म्हनून घे." मी अर्ज पर्समध्ये कोंबला. काकू चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मी गाडीत बसले होते. त्यानंतर मी त्यांना जिवंत पाहिलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी काकूंनी बोलावलं. अंगणात बाज तशीच होती; कुणी तिच्यावर बसत नव्हतं. काकूंनी घोंगडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं, वर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा. "ह्ये तुमचं हाय म्हनून सांगितल्यालं." डब्यात सात-आठ काडतुसं होती. हातात घेतली तर हलकी. प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगाचा बारीक ठिपका लावलेला, बोटाने चाचपला तरी कळेल असा. विसरणारा माणूस ठिपके लावून ठेवत नाही... मी डबा खाली ठेवला. तळाशी शाळकरी वही होती. दर रविवारचं एक पान, त्यांच्या ठसठशीत अक्षरात. 'रिकामी तीन. तिन्ही येळा नळी खाली, डावीकडं. खांदा चोरती.' पुढचं पान, तेच. पुढचं, तेच. 'धक्क्याला भ्याती. तिला म्हाईत न्हाई. सांगायचं न्हाई, सांगितलं की वाडतं.' आणि एका पानावर, 'लोकांम्होरं तर मुळीच न्हाई.'

मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. गोळी सुटायच्या आधीच दणक्याच्या धास्तीने मी खांदा चोरत होते, नळी खाली जात होती. खरी गोळी सुटली की दणक्यात ते झाकलं जायचं. रिकामी असली की उघडं पडायचं. तेवढ्यासाठी ते मधूनच रिकामी भरत. कुठली भरलेली, कुठली रिकामी हे कळेना झालं की धास्ती हळूहळू मरते, हा त्यावरचा उपायही होता आणि तो ते मला न सांगता करत होते. आणि मी? 'टक्' झालं की माझं लक्ष त्यांच्या चुकीकडे. समोरची नळी हातभर हलली असती तरी मला दिसली नसती. शेवटच्या भरलेल्या पानावर लिहिलं होतं, 'रिकामी चार. एकदा हालली न्हाई. आता दोन म्हैन्यात कुटलीबी झेपंल.' त्याच्या पुढचा रविवार टेबलावरचा. पान कोरं.

म्हणजे 'एवढ्यात ठरवू नगं' ते यासाठी. मला हवी ती तीनशे आठ मला घेता यावी म्हणून तो माणूस दोन वर्षं थांबला होता. मी त्याला रेषेवरून उठवलं तेव्हा उपाय संपला, मग साडेसहा. मला राग आला, त्यांचाच. सांगायला काय झालं होतं? एका शब्दाने... मी काकूंना विचारलं, "अण्णांना विसर पडतो असं मी लोकांना सांगितलं, हे त्यांनी घरी सांगितलं होतं?" "सांगितल्यालं की," काकू म्हणाल्या. "म्या म्हनलं, आवं, मग खरं काय त्ये सांगा की समद्यास्नी. तर म्हनलं, मला इसराळू म्हनत्यात, म्हनू द्या. पोरीला भित्री म्हनाय नगो." त्यांनी घोंगड्यावरून हात फिरवला. "पर खोटं बोलतानं ह्याच्यावनं उठत असतील. आमच्यात घोंगड्यावर बसून खोटं बोलत न्हाईत. सासऱ्यांपासनं हाय त्ये." मला ती खडी आठवली, उकिडवे बसलेले अण्णा आठवले. मी काकूंसमोर रडले नाही. परतताना गाडी आळसंदच्या पुढे कडेला लावली आणि मग रडले.

त्या रविवारी घोंगडं आणि डबा घेऊन मी रेंजवर गेले. चिटणीसांच्या हातात डबा दिला आणि म्हटलं, "तुम्ही भरा. कधी खरी, कधी ठिपक्याची. मला सांगू नका." ते गोंधळले, पण त्यांनी बूट काढले आणि डाव्या अंगाला बसले. दहा काडतुसं झाली, चार वेळा 'टक्'. या वेळी मी नळीकडे बघत होते. चारही वेळा ती खाली गेली, डावीकडे, लाथ बसणार म्हणून जनावर दबतं तशी. पाठीमागे सहा-सात जण उभे होते, सगळ्यांनी पाहिलं. चिटणीस हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे अण्णांना विसर पडला नव्हता. मी सांगतो सगळ्यांना." मी म्हटलं, "सांगा. ते रिकामी का भरायचे तेही सांगा. नाहीतर मीच सांगते." आणि उठून बसून मी सांगितलं: धक्क्याला मी घाबरते, दोन वर्षं घाबरतेय, अण्णांनी झाकून ठेवलं होतं. कुणी हसलं नाही. ज्याने बायकांना झेपते असं म्हटलं होतं तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या रविवारी माझीही काडतुसं अशीच भरा." मी तिथेच, घोंगड्यावर बसून, अर्जाच्या रकान्यात साडेसहा लिहिलं. शाईत लोकरीचा एक केस चिकटला, तो तसाच गेला अर्जाबरोबर.

अर्ज गेला, पण मन जाग्यावर नाही. ते घोंगडं आता माझ्या अभ्यासाच्या खोलीत खुर्चीवर असतं आणि वह्या तपासताना मी उगाच उठते, त्याची घडी मोडते, पुन्हा घालते. साडेसहा मला हवी म्हणून लिहिली, की त्यांनी सांगितली म्हणून, की फेड म्हणून, हे रोज वेगळं वाटतं. परवा बेदाण्याच्या शेडवरून जाताना गाडी थांबवून मी जाळ्यांकडे बघत बसले आणि वारा मोठ्याने सांगितला, बाजूची सीट रिकामी असताना. रविवार मात्र चुकवत नाही. गेल्या रविवारी सातव्या वेळेला 'टक्' झालं आणि नळी पुन्हा खाली गेली. चिटणीसांनी पूर्ण वेळ थांबून बोल्ट उघडला, पुंगळी खिशात टाकली. ते काही म्हणाले नाहीत. ती जागा अण्णांच्या वाक्याची, ती त्यांनी मोकळी सोडली. मी घोंगड्यावरून हलले नाही. हनुवटी लोकरीत रुतलेली तशीच ठेवून म्हटलं, "चुकलं माझं, अण्णा."